घरचंच हाये

आमच्या घरी भाव नेहमी बाहेरून यायचा, पावसासारखा. आला तर आला, नाही तर वाट पाहायची. आणि आला तो कमी पडला म्हणून त्याच्याशी भांडायची सोय नव्हती. तुरीचा भाव अकोटच्या बाजारातून यायचा, कापसाचा सरकारातून, पानपिंपरीचा व्यापाऱ्याच्या सायकलवरून. हा व्यापारी अंगणात उभा राहायचा, वाळत घातलेल्या पिंपरीतली चिमूटभर उचलायचा, एखादी दातांनी मोडायचा आणि तोंड वाकडं करायचा. तिखटामुळे नाही, भाव पाडायची ती रीतच होती. मग एक आकडा बोलायचा. बाबा जमिनीकडे पाहायचे. आत माय भांडी जरा जोरात आपटायची. घासाघीस म्हणून आमच्याकडे जे काही होतं ते एवढंच.

हिवरखेड तेल्हारा तालुक्यात, अकोला जिल्ह्याच्या पार उत्तरेला. गावाच्या नावात हिवर आहे. फिकट सालीचं, पांढऱ्या काट्यांचं हे झाड पावसाळा सरत आला की पिवळसर गोंड्यांनी भरून येतं आणि तेवढे दिवस त्याच्या काट्यांची कुणी तक्रार करत नाही. उत्तरेला पाहावं तर सातपुडा. उन्हाळ्यात धुरकट, असून नसल्यासारखा. पहिल्या पावसानंतर मात्र एका रात्रीत जवळ येऊन बसलेला. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो, विहिरीत पाणी दिसतं पण तोंडी धरवत नाही. आमच्याकडे डोंगरपायथ्याचं गोडं पाणी. म्हणून केळी, म्हणून पानमळे, म्हणून पिंपरी. अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी गावावरून जायची आणि पुढे वान रोड, धुळघाट करत डोंगरात शिरायची. दिवाळीच्या सुमाराला डोंगरातून सीताफळांच्या टोपल्या गावात उतरायच्या. टोपल्या डोक्यावर घेऊन आलेल्या त्या बायाही भाव सांगत नसत. विचारत, "काय देतं?" वस्तू माझी, कष्ट माझे, आणि भाव मात्र तू सांग. लहानपणी मला हे इतकं साहजिक वाटायचं की जगात सगळीकडे असंच चालत असणार असं मी धरून चाललो होतो.

आमचा पानमळा काही गुंठ्यांचा. बाकी कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. पानमळ्यात चपला काढून जायचं. का, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही; ओल्या मातीवर पाय पडला की आपोआप बोलणं हळू व्हायचं, त्यातच उत्तर असावं. शेवरी आणि पांगाऱ्यावर चढलेल्या वेली, वरून गाळून आलेलं हिरवं ऊन, आणि बाहेर वैशाख पेटलेला असताना आत माठातल्यासारखा गारवा. माय पानं खुडायची. अंगठ्याच्या नखानं देठ तोडायचा, पान तळहातावर ठेवायचं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. पानं मोजून विकायची असतात, वजनावर नाही. पण मायचे ओठ कधी हलताना दिसले नाहीत. ती मावशीच्या लग्नातलं भांडण सांगत असायची, मध्येच मला वेलावर पाय देऊ नको म्हणून ओरडायची, आणि बोटं आपली चाललेली. शेकडा भरला की हात आपोआप थांबायचा. एकदा मी तिच्या मागच्या गड्डीतून एक पान हळूच काढून खिशात घातलं. तिनं गड्डी उचलली, अंगठा एकदा कडेवरून फिरवला आणि मागे न पाहता म्हणाली, "एक कमी हाये."

पिंपरीचं काम वेगळं. ही पानवेलीची आणि काळ्या मिऱ्याची चुलतबहीणच. फळं हिरवी असतानाच तोडायची, पिकू दिली की कामातून गेली. तोडता तोडता बोटं चुरचुरतात, तो हात चुकून डोळ्याला लागला की दिवसभराचं रडू. मग उन्हात वाळवायची. टोपल्या टोपल्या हिरवा माल अंगणात पसरायचा, आणि तो रोज काळवंडत, आक्रसत शेवटी ओंजळीएवढा होऊन बसायचा. सुंठ, मिरे, पिंपळी या त्रिकटूतली पिंपळी ती हीच. औषधाच्या बाटलीवर तिचं नाव वाचलं की मला आजही आधी मायची लाल झालेली बोटं दिसतात.

यातलं काहीच शाळेला माहीत नव्हतं. विदर्भातली शाळा उन्हामुळे उशिरा, जून सरता सरता उघडायची, नेमकी पेरणीच्या गडबडीत. आठवड्यातून दोनदा कार्यानुभवाचा तास असे. पहाटे बैलांना वैरण घालून, शेण काढून, दुधाची चरवी पोचवून आलेली पोरं त्या तासाला घोटीव कागदाचं कमळ कापत बसत. काड्यापेट्यांचा बंगला, बांगड्यांच्या काचांचं तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांची फुलदाणी. काड्यांसाठी आम्ही कुल्फीवाल्याच्या मागे हिंडलो आहोत. ती फुलदाणी कपाटात गेली, तिच्यात फूल कधी गेलं नाही. कार्याचा अनुभव आम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ येत होता. शाळेत आलो की तो फाटकाबाहेर ठेवायचा आणि आत कागदाचा अनुभव घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती.

बाबांच्या शाळेत टकळी होती. ते शिकले तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. चौथीपर्यंत त्यांनी पेळूतून सूत काढलं. ज्यांच्या घरात कापसाची गंजी छताला लागलेली त्यांच्या हातात शाळा पेळू द्यायची, याची त्यांना म्हातारपणापर्यंत गंमत वाटायची. पण त्या टकळीमागे केवढा मोठा विचार होता हे मला फार उशिरा कळलं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. हस्तोद्योगातूनच सगळं शिक्षण द्यावं असं तिथं ठरलं आणि अभ्यासक्रमाचं काम झाकीर हुसेन यांच्या समितीकडे गेलं. सूत मोजताना गणित, कापूस कुठून आला हे विचारताना भूगोल, तो कुठे गेला हे विचारताना इतिहास. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम पतिपत्नींनी हे वर्षानुवर्षं करून दाखवलं. त्याच सुमाराला मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली होती. शाळेला जमीन द्यायची आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची.

गांधीजींचं म्हणणं असं की मुलांच्या हातच्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार तरी निघावा. यावर तेव्हाही टीका झाली, आणि मला ती पटते. पोरांच्या सुतावर ज्या शाळेची चूल पेटते तिथं आज ना उद्या जलद हाताचं पोर लाडकं होणार आणि स्वप्नाळू पोर मार खाणार. पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. बाबांनी काढलेलं सूत शाळेच्या पेटीत गेलं आणि तिथं उंदरांनी त्याची घरटी केली. ज्या कामाला कुणी गिऱ्हाईकच नाही ते काम पोराला लवकर समजतं. त्याला कळतं की हे खोटं आहे, आणि मग ते खोट्यासारखंच करतं. माझ्या फुलदाणीचं तेच झालं.

सातवीत आमच्या गणिताच्या गुरुजींनी एक दिवस फळ्यावर लिहिलं, "आनंद बाजार". येत्या शनिवारी शाळेच्या पटांगणात बाजार भरेल. ज्याला जे विकायचं ते विकावं. अटी दोन. दुकानातून आणलेली वस्तू तशीच विकायची नाही, तिला आपला हात लागला पाहिजे. आणि आणा-आणा वहीत लिहायचा.

मी आणि माझा एक मित्र, आम्ही आलूबोंड्यांवर आलो. त्यामागे काही अभ्यास नव्हता, आम्हाला ते आवडायचे एवढंच. माय आधी चिडली, मग शुक्रवारी रात्री आलू उकडून ठेवले, मिरच्या कुटल्या आणि शनिवारी चारला उठून चुलीपुढे बसली. ऐंशी बोंडे झाले. माझ्या पाटीवर मी खडूनं लिहिलं, "आठ आण्याला एक".

त्या पाटीपाशी मला थोडं थांबू द्या. आमच्या घराण्यात, मला माहीत असलेल्या तीन पिढ्यांत, कुणी आपल्या मालाचा भाव स्वतःच्या हातानं लिहिलेला नव्हता. मी बारा वर्षांचा होतो आणि मला यातलं काही कळत नव्हतं, पण खडू धरलेला हात थरथरला होता हे पक्कं आठवतं. आठ आणे लिहिले, पुसले, चार आणे लिहिले, परत आठ आणे केले. कुणी म्हणालं, "महाग हाये बे," तर काय बोलायचं हे मी मनात घोकत होतो. बाजूला एक पोरगी पातोडीची भाजी घेऊन बसली होती. तिनं भावच लिहिला नव्हता. कुणी विचारलं की ती म्हणायची, "तुमी सांगा." अगदी सीताफळवाल्या बायांसारखं.

चौऱ्याहत्तर बोंडे आठ आण्यांनी गेले. ऊन चढल्यावर उरलेल्यांतले चार आम्ही चार-चार आण्याला काढले, दोन आम्हीच खाल्ले. अडतीस रुपये. आलू सहा रुपयांचे आणले होते. मी वहीत लिहिलं, नफा बत्तीस रुपये, आणि खाली दोन रेघा ओढल्या. एवढे पैसे मी आयुष्यात हातात धरले नव्हते.

सोमवारी गुरुजी वह्या घेऊन बसले. एकेकाला टेबलापाशी बोलवत होते.

"बेसन कुठून आणलं?"

"घरचंच हाये गुर्जी. हरभऱ्याचं."

"घरचं म्हणजे फुकटचं काय?"

मी गप्प. त्यांनी आठ रुपये मांडले. तेल? तेही घरचं, आमच्याच करडीचं, घाणीवरून काढून आणलेलं. बारा रुपये. मिरच्या, मीठ, जिरं, एक रुपया. जळण? पऱ्हाट्या. वावरातल्या, कापूस सरल्यावर उपटलेल्या. पऱ्हाटीला कुठे पैसे लागतात, असं मी म्हणालो असेन. त्यांनी दोन रुपये लावले. बत्तीसचे नऊ झाले. मला रडू यायच्या बेतात होतं. तेव्हा ते म्हणाले, "आता तुझ्या मायची मजुरी लाव."

निंदणाला बाईची रोजी तेव्हा आमच्याकडे आठ रुपये होती. रात्रीचं काम आणि पहाटेचं, मिळून एक रोज धरला. उरला एक रुपया. त्यात आम्ही दोघे.

आमच्या वर्गात एक पोरगा होता, त्याचे मायबाप दोघंही मजुरीला जायचे. त्यानं बोरं आणली होती. धुऱ्यावरच्या बोरी, माल फुकट, भांडवल शून्य. दोन दिवस शाळा सुटल्यावर वेचली आणि मापानं विकली. त्याच्या वहीवर गुरुजींना एकही खूण करावी लागली नाही. पहिल्याच ओळीत त्यानं लिहून ठेवलं होतं, "बोरं येचाची मजुरी, दोन रोज." त्याच्या घरी कष्टाचा आकडा रोज संध्याकाळी ठरायचा, कुणाच्या तरी ओट्यावर, कधी भांडून. त्याला ठाऊक होतं की वेचणं म्हणजे पैसे. आम्ही वावरवाले, त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वर असल्यासारखे वागणारे, आमच्या घरातल्या बाईच्या हातांना काही किंमत असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. तो पुढे शिकला नाही. मी शिकलो. वर्गातला सगळ्यात चोख हिशेब त्याचा होता.

घरी येऊन मी मायला सांगितलं की गुरुजींनी तुझी मजुरी धरली, आठ रुपये. ती पोळ्या लाटत होती. आधी हसली, मग जरा लाजली, मग तिला राग आला. "घरच्या कामाची काय मजुरी असते बाप्पा! लोकं काय म्हणतीन!" बाबा ओट्यावर बसले होते. काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर, विडा जुळवताना, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "गुर्जीनं बैल धरले काय रे?"

"आनंद बाजारात बैल नव्हते ना बाबा."

"हं," म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर मला बाबांचं अक्षर दिसलं. चौथी शिकलेल्या माणसाचं, दाबून काढलेलं. वर "पऱ्हाटी" असं लिहिलेलं. खाली एकाखाली एक: वखरणी, सरकी, शेणखत, डवरणी, निंदण, वेचणी, गाडीभाडं. प्रत्येकापुढे रक्कम. मग "बैलजोडी", पुढे रक्कम. मग "पोराची माय", पुढे रक्कम, एकदा खोडून वाढवलेली. शेवटी स्वतःचं नाव. त्यापुढे काही नाही. बेरीजही नाही.

मी ती वही पुष्कळ वर्षं जपली. नंतर एका घरबदलीत ती गेली. ती कोरी जागा मात्र कुठे गेली नाही.

तेव्हा महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासून. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. गाड्यांची रांग लागायची, बैल सोडून गाडीखाली रात्री काढायच्या, मग ग्रेडर कापसात हात घालून प्रत ठरवायचा आणि चुकारा यथावकाश. चुकारा हा शब्द आमच्याकडे लग्नाच्या तारखेइतका महत्त्वाचा. चुकारा आला की शाळेचा गणवेश, चुकारा आला की मायच्या पाटल्या सोडवायच्या. त्या योजनेनं व्यापाऱ्याच्या लुटीपासून वाचवलं असं म्हणणारे आहेत, तिनंच बुडवलं म्हणणारेही आहेत; दोघांशी वाद घालायची माझी तयारी नाही. एवढंच सांगतो की ग्रेडरनं प्रत सांगितल्यावर बाबा जमिनीकडे पाहायचे, ते अगदी पिंपरीच्या व्यापाऱ्यापुढे पाहायचे तसंच.

पुढे नोकरीत असताना एकदा कृषी मूल्य आयोगाचे कागद वाचायची वेळ आली. हा आयोग १९६५ पासून दिल्लीत बसून शेतीमालाचे भाव सुचवतो. उत्पादनखर्च काढायच्या त्याच्या तऱ्हा आहेत. खिशातून गेलेला खर्च तो ए-२. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफ-एल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचं व्याज हेही धरलं की सी-२. स्वामिनाथन आयोगानं खर्चावर निदान पन्नास टक्के अधिक द्या म्हटलं, २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला, आणि सगळं भांडण येऊन अडलं ते खर्च म्हणजे कुठला खर्च, यावर. वाचता वाचता मला हसू आलं. बत्तीस रुपये, नऊ रुपये, एक रुपया. आमचा आनंद बाजार दिल्लीला पोचला होता, फक्त आलूबोंड्याऐवजी इंग्रजी अक्षरं होती.

आनंद बाजाराच्या त्या दिवसांत शरद जोशींची शेतकरी संघटना आमच्या भागात जोरात होती. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शेतकऱ्याला शेतीमालाचा भाव मिळत नाही हे खरं. पण घरच्या लक्ष्मीच्या कष्टांचा भाव शेतकऱ्यानं तरी कधी दिला, असा तो रोखठोक सवाल होता. जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करा. काही गावांनी केला. आमच्या घरी सातबारा बाबांच्या नावावर होता तो त्यांच्याच नावावर राहिला. वहीत मायपुढे आकडा लिहिणारा माणूस तलाठ्याकडे जाईपर्यंत थकला असावा.

हिशेब हाताला लागला म्हणजे सुटका झाली असं नाही, हे वऱ्हाडात सांगायची गरज नसावी. पण तो न लागण्याची किंमत इथल्याच एका माणसाला माहीत होती. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. लहानपणी मामाकडे दापुऱ्याला गुरं वळली, शेती केली. आणि चरित्रांत येतं की त्या मामाची जमीन सावकाराच्या कागदांत गेली, कारण कागदावर काय लिहिलंय हे घरात कुणाला वाचता येत नव्हतं. पुढचं आयुष्य त्यांनी खराटा घेऊन काढलं. गावात शिरल्यावर आधी झाडायचं, कीर्तन रात्री. मोडक्या खापरात भाकर घ्यायची, धर्मशाळा उभ्या करायच्या आणि त्यांत आपला वाटा ठेवायचा नाही. कीर्तनात ते सांगण्यापेक्षा विचारत जास्त. आडून आडून प्रश्न, आणि उत्तर समोरच्यांच्या तोंडून काढून घ्यायचं. आमचे गुरुजी कळत-नकळत तेच करत होते असं मला वाटतं. "घरचं म्हणजे फुकटचं काय?" हा गाडगेबाबांच्या घराण्यातला प्रश्न आहे.

असा प्रश्न शाळेच्या रोजच्या कामात बसवणारं ठिकाण मी पुष्कळ नंतर पाहिलं. पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ, मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून १९८३ मध्ये त्यांनी त्या कोरड्या गावात विज्ञान आश्रम काढला. तिथून जो अभ्यासक्रम शाळांत गेला त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: लोखंड आणि सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य. मुख्य म्हणजे ते काम कपाटात जात नाही. गावाला लागणारं काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. वस्तूची किंमत काढताना साहित्यापाठोपाठ मजुरीची ओळ लिहायची. मुलींच्या हातात वेल्डिंगची कांडी पाहून मला बरं वाटलंच. पण त्याहून जास्त वेळ मी एका वहीतल्या मजुरीच्या ओळीकडे पाहत उभा होतो.

आता ही सगळी भाषा बदलली आहे. जीवनकौशल्यं म्हणतात, उद्योजकता म्हणतात, दप्तराविना दिवस असतात, शाळांच्या परसबागांच्या स्पर्धा होतात. मला ते वाईट वाटत नाही. पालक आणि मेथी कागदाच्या कमळापेक्षा केव्हाही बरी. एका कॉलेजातलं शिबिर मात्र मनातून जात नाही. पाहुणे आलेले, पडद्यावर चित्रं, प्रत्येकानं रंगीत चिठ्ठीवर आपली कल्पना लिहून भिंतीला चिकटवायची. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "सर, माल तयार केला अन् भाव पडला तं?" पाहुणे म्हणाले, जोखीम घेतल्याशिवाय उद्योजक होता येत नाही. पोरगा खाली बसला. त्याच्या बापानं दर जूनमध्ये सगळं घर मातीत पेरलं होतं. त्याला जोखीम समजावून सांगायला कुणाची गरज नव्हती. त्याला विचारायचं होतं की भाव कोण ठरवतो. तो विचारत होता ते बाजाराबद्दल आणि त्याला उत्तर मिळालं ते त्याच्या हिमतीबद्दल.

यंदा जानेवारीत मी गावी होतो. मीटरगेजची गाडी गेली. अकोल्याची मोठी गाडी अकोटपर्यंत येते, पुढचं घोडं अडलेलं आहे. पुतणीच्या शाळेत आनंद मेळावा होता. पटांगण तसंच, लिंब तसाच, पोरं मात्र चारपट गोंगाट करणारी. पुठ्ठ्यावर चिकटवलेले क्यूआर कोड, पावभाजी, मंचुरियन, एका टेबलावर शेगावसारखी कचोरी असा फलक. पुतणीनं आजीला कामाला लावून पातोड्या करून आणल्या होत्या, रश्श्यासकट, आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत नागवेलीच्या फाट्या लावून त्याही मांडल्या होत्या. फलकावर ठळक अक्षरांत भाव. एका गृहस्थानं, बहुधा कुणाचे तरी वडील, रोपाला वीसऐवजी पंधरा म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "नाही जमत काका," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. वर पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्या वयाचा असताना माझा खडू थरथरत होता.

माय आता पंच्याहत्तरीच्या पुढची. कानानं कमी ऐकते, डोळ्याला मोतीबिंदू होऊन गेला. पानमळा तिनं नाइलाजानं सोडला त्याला बरीच वर्षं झाली. संध्याकाळी पुतणी ओट्यावर वही घेऊन हिशेबाला बसली, माय शेजारी. मी वाकून पाहिलं. बेसन, तेल, मसाला, गॅस, पिशव्या शून्य, माती शून्य. मातीला शून्य पाहून मी काही बोलणार होतो, पण खाली ओळ होती, "आजीची मजुरी, अर्धा रोज, १५० रु." कुणी सांगितलं होतं तिला? म्हणाली, कुणीच नाही, बाईंनी मजुरी लिहा म्हटलं होतं, काम आजीनं केलं, मग आजीची.

मायला तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मला पोळ्या लाटणारी ती संध्याकाळ आठवली. आता लाजेल, आता रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. मायनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

"मंग देतं कवा?"

पोरगी खळखळून हसली. डब्यातल्या नोटा उपसून, दहा-दहाच्या, विसाच्या, चुरगळलेल्या, तिनं आजीच्या तळहातावर ठेवल्या. माय गल्लीतून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारून त्याच्या बायकोच्या पायाची चौकशी करत होती. बोलता बोलताच नोटांच्या कडेवरून तिचा अंगठा एकदा फिरला.

"वीस कमी हायेत," ती म्हणाली.